हिरडीचा बांध

मराठी भाषेच्या व्यवहारात दाताला जे स्थान आहे, ते शरीराच्या फार थोड्या अवयवांच्या वाट्याला आले आहे. मराठी माणूस रागावला की दातओठ खातो, विनवण्या करताना दातांच्या कण्या करतो, मनात अढी बसली की दात धरतो, प्रतिस्पर्ध्याला गप्प करायचे झाले तर त्याचे दात त्याच्याच घशात घालतो आणि त्रास देणारा घरचाच निघाला तर आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणून गप्प राहतो. ज्या मांसल गादीत हे सगळे पराक्रमी दात रोवून उभे असतात त्या हिरडीच्या नावावर मात्र सहज आठवेल असा एकही वाक्प्रचार जमा नाही. सुश्रुताने एवढा पक्षपात केला नव्हता. त्याच्या संहितेत पासष्ट मुखरोगांची जी गणना आहे तीत दातांचे रोग आठ आणि दंतमूलाचे, म्हणजे हिरडीचे, पंधरा आहेत. जिच्यामागे दुखणी जवळजवळ दुप्पट तिच्या वाट्याला वाक्प्रचार शून्य, ही वाटणी कोणत्याही एकत्र कुटुंबाला ओळखीची वाटावी अशी आहे.

या उपेक्षित हिरडीला अलीकडे जी थोडी प्रतिष्ठा मिळाली ती तिला कापल्यामुळे मिळाली. हिरडीची कड छाटून, आणि गरज पडल्यास तिच्याखालचे हाड थोडे कोरून, दाताचा झाकलेला भाग उघडा करण्याच्या शस्त्रक्रियेला दंतवैद्यकात ‘क्राउन लेंग्थनिंग’ म्हणतात. क्राउन म्हणजे दाताचा माथा आणि लेंग्थनिंग म्हणजे लांबी वाढवणे. हाडाला हात न लावता केवळ हिरडी कापली तर त्याच कामाला ‘जिंजिव्हेक्टमी’, म्हणजे हिरडी-छेदन, असे स्वच्छ आणि प्रामाणिक नाव आहे. पहिले नाव मात्र फसवे आहे, कारण या शस्त्रक्रियेत दाताची लांबी केसभरही वाढत नाही. दात पूर्वी जेवढा होता तेवढाच राहतो आणि त्याच्यावरचे पांघरूण तेवढे वर सरकते. शेजारच्या शेताचा बांध वर्षानुवर्षे आत सरकत आलेला असावा, मोजणीनंतर तो मूळ जागी नेला जावा आणि मालकाने ‘जमीन वाढली’ म्हणून गावभर पेढे वाटावेत, तसाच हा प्रकार आहे. त्यातच ‘क्राउन’ हा शब्द दंतवैद्य दोन अर्थांनी वापरतात, एक दाताचा नैसर्गिक माथा आणि दुसरा त्यावर बसवायची कृत्रिम टोपी, जिला रुग्ण ‘कॅप’ म्हणतात. त्यामुळे ‘क्राउनसाठी क्राउन वाढवावा लागेल’ असे ऐकल्यावर रुग्ण बिल कशाचे वाढणार आहे एवढेच मनाशी ठरवून मान हलवतो.

दात अधिक दिसावेत म्हणून पैसे मोजण्याची कल्पना पूर्वीच्या पिढ्यांना निश्चितच चमत्कारिक वाटली असती, कारण त्यांचे सगळे शिक्षण दात कमी दिसावेत या दिशेने झाले होते. ‘काय दात काढतोस?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मराठी मुलाकडून कधीच अपेक्षित नव्हते. तो प्रश्न म्हणजे तोंड मिटण्याची आज्ञा होती. बायकांनी हसताना पदर तोंडाशी न्यावा हा शिष्टाचार होता, आणि एके काळी सवाष्णींनी दातवण लावून दात काळे करावेत हा शृंगार होता, म्हणजे चुकून दिसलेच तरी ते पांढरे दिसू नयेत याचीही तजवीज होती. ही संकोचवृत्ती केवळ आपल्याकडचीच होती असे समजण्याचे कारण नाही. 1787 साली पॅरिसच्या द्वैवार्षिक चित्रप्रदर्शनात एलिझाबेथ विजे-लब्रँ या चित्रकर्तीने मुलीला कवेत घेतलेले स्वतःचे चित्र मांडले, त्यात तिचे ओठ किंचित विलग होऊन दात दिसत होते, आणि एवढ्यावरून तिथल्या जाणकारांनी नाके मुरडली. तेच पॅरिस, ज्या शहरात पिएर फोशार याने 1728 साली दंतवैद्यकाचा पाया घालणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, दात दुरुस्त करायला तयार होते. ते दाखवायला मात्र तयार नव्हते. पुढे कॅमेरा आला, कॅमेऱ्यामागून ‘स्माइल प्लीज’ आले, आणि ज्या बत्तिशीबद्दल पूर्वी मार मिळत असे तिच्याबद्दल आता शाबासकी मिळू लागली.

बत्तिशी दाखवायची ठरल्यावर ध्यानात आले की काहींच्या बाबतीत दातांच्या आधी हिरडीच दर्शनाला येते. हसताना वरच्या दातांवर तीन-चार मिलिमीटरांहून अधिक हिरडी दिसू लागली तर दंतवैद्य त्या हसण्याला ‘गमी स्माइल’, म्हणजे हिरडीचे हसू, म्हणतात. त्याची कारणे एकाहून अधिक असतात, आणि खरा दोषी कोण हे ठरल्याखेरीज सुरी उचलता येत नाही. कधी वरचा जबडाच उभ्या अंगाने अधिक वाढलेला असतो, आणि मग उपाय जबडा कापून वर बसवण्यापर्यंत जातो. कधी वरचा ओठ आखूड असतो किंवा त्याला उचलणारे स्नायू गरजेपेक्षा उत्साही असतात. अशा उत्साही कार्यकर्त्यांना आवरण्यासाठी बोटॉक्सचे इंजेक्शन देण्याची सोय आहे, पण त्याचा परिणाम काही महिन्यांत उतरतो आणि कार्यकर्ते पुन्हा कामाला लागतात. कधी हिरडी औषधांमुळे सुजून वाढते: फिटांवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरचे निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन आणि अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन ही या बाबतीतली प्रसिद्ध नावे आहेत. आणि कधी दोष उगवण्याच्या कामातच राहून गेलेला असतो. दात हाडातून वर आल्यानंतर हिरडीने हळूहळू मागे सरून त्याचा माथा मोकळा करायचा असतो; काही हिरड्या हे दुसरे काम अर्ध्यावरच सोडतात, आणि दात वयाने प्रौढ होऊनही आखूड, चौकोनी आणि दुधाच्या दातांसारखा दिसत राहतो. पाहुणा घरात आला, त्याने पिशवी खाली ठेवली, पण दारातली माणसे बाजूला होईनात, अशी ती अवस्था असते. हिरडी छाटण्याचा पुरेपूर लाभ होतो तो या शेवटच्या मंडळींना. बाकीच्यांपैकी काहींना काळ स्वतःच फुकट उपचार करतो, कारण वयाबरोबर वरचा ओठ सैल होऊन खाली येतो आणि हिरडी आपोआप झाकली जाते. मात्र त्याच ओघात झाकण्याची ही हौस वरचे दातही झाकू लागते, तेव्हा या उपचाराची वाट पाहावी असा सल्ला कोणी देत नाही.

सौंदर्याशी काडीचा संबंध नसलेला दुसरा वर्ग मोडक्या दातवाल्यांचा आहे, आणि दवाखान्यात तो मोठ्या संख्येने दिसतो. सुपारीचे खांड, उसाचे पेर, दिवाळी संपून पंधरवडा झाल्यावर डब्याच्या तळाशी सापडलेली चकली, या तिन्हींत दाढ हिरडीच्या रेषेबरोबर मोडण्याची क्षमता आहे. मोडका दात मिरवण्याचा अधिकार एका गणपतीला आहे. इतरांना त्यावर कॅप घालावी लागते, आणि कॅपला धरायला चांगल्या दाताचा किमान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा पट्टा सभोवार शिल्लक असावा लागतो. मुसळाचे लाकूड फुटू नये म्हणून त्याच्या टोकाला लोखंडी कडे घालतात, ते कडे टिकायचे तर आत लाकूड असावे लागते. दंतवैद्यकात ‘फेरूल’ नावाने जे तत्त्व सांगितले जाते ते याहून निराळे नाही. पट्टा हिरडीखाली दडलेला असेल तर हिरडी आणि हाड थोडे खाली नेऊन तो वर काढायचा, म्हणजे दात तोच, मोडही तीच, फक्त जमिनीची पातळी बदलली. हा उपाय सुचवल्यावर अनेक काकांचा पहिला प्रश्न ‘त्यापेक्षा उपटूनच टाकला तर?’ असा असतो, आणि त्या प्रश्नात दाताबद्दलच्या वैराग्यापेक्षा हिशेब अधिक असतो.

आता जी हिरडी इतकी सोयीस्करपणे छाटता येते ती मनाला येईल तेवढी का छाटू नये, या प्रश्नाच्या उत्तरात या शास्त्राचा सगळा गाभा आहे. हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. हाडाच्या कडेपासून वर काही अंतरापर्यंत ती दाताला तंतूंनी आणि त्यावर पेशींच्या पातळ थराने चिकटलेली असते. गार्जिउलो, वेंट्झ आणि ऑर्बन या तिघांनी 1961 साली शवविच्छेदनातून मिळालेल्या जबड्यांवर ही मापे घेऊन सरासरी प्रसिद्ध केली: तंतूंची जोड 1.07 मिलिमीटर, पेशींची जोड 0.97 मिलिमीटर, आणि त्यांच्या वरची मोकळी खाच 0.69 मिलिमीटर. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज 2.04 येते, आणि या सुमारे दोन मिलिमीटरांच्या पट्ट्याला ‘बायॉलॉजिक विड्थ’, म्हणजे जैविक रुंदी, असे नाव पडले. रुंदी म्हटले तरी ती मोजतात उभी. 2017 साली शिकागोत भरलेल्या जागतिक कार्यशाळेने हे नाव बदलून ‘सुप्राक्रेस्टल टिश्यू अटॅचमेंट’, म्हणजे हाडाच्या कडेवरची ऊतींची जोड, असे अधिक अचूक नाव दिले. परंतु चौकांच्या आणि रस्त्यांच्या नामांतरानंतर रिक्षावाल्यांचे जे होते तेच येथेही झाले, आणि दवाखान्यांत अजून जुन्या नावानेच व्यवहार चालतो.

हा दोन मिलिमीटरांचा पट्टा म्हणजे नगररचनेच्या भाषेतले सामासिक अंतर होय. इमारत बांधताना प्लॉटच्या कडेपासून जी जागा मोकळी सोडावीच लागते तिला सामासिक अंतर म्हणतात, आणि त्या अंतरात हळूच गॅलरी, मग जिना, मग गॅलरीला ग्रिल घालणे हा नागरी जीवनाचा स्थायीभाव आहे. महानगरपालिकेची नोटीस यायला वर्षे लागतात, आल्यावर तिच्यावर स्थगिती मिळते. हिरडीच्या कारभारात स्थगितीची सोय नाही. कॅपची कड या पट्ट्यात घुसवली तर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त काढते, आणि एवढ्यानेही अतिक्रमण हटले नाही तर शरीर खालचे हाडच विरघळवून आपले दोन मिलिमीटर खाली नव्याने आखून घेते. उलट, हाड दाताच्या माथ्याच्या फार जवळ असताना ते जागचे न हलवता वरवर हिरडी छाटली, तर ती काही आठवड्यांत गुपचूप वाढून आपल्या जुन्या उंचीवर येऊन बसते आणि रुग्णाच्या हाती पावती तेवढी राहते. म्हणून हाडाची कड आणि कॅपची नियोजित कड यांत साधारण तीन मिलिमीटरांचे अंतर ठेवावे असा नियम सांगतात: दोन जोडीसाठी आणि एक खाचेसाठी. निसर्गाने दिलेल्या एवढ्या स्पष्ट विकास नियंत्रण नियमावलीचे उदाहरण नागरी क्षेत्रात सापडत नाही.

मोजणीचे हत्यारही पाहण्यासारखे आहे. ‘विल्यम्स प्रोब’ नावाची बारीक, बोथट टोकाची सळई असते, आणि तिच्यावर 1, 2, 3, 5, 7, 8, 9 आणि 10 मिलिमीटरांच्या खुणा कोरलेल्या असतात. 4 आणि 6 गाळले आहेत, कारण तोंडाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लाळेतून पाहताना सलग रेघा एकमेकींत मिसळतात आणि मधल्या रिकाम्या जागांमुळे वाचन सोपे होते. भाजीवाल्याने असा तराजू वापरला असता तर काय झाले असते हा निराळा विषय आहे. हिरडी बधिर करून ही सळई तिच्यातून थेट हाडाला टेकेपर्यंत नेतात, आणि हाड किती खोल आहे ते समजले की पुढचा सगळा आराखडा ठरतो. हौशी आराखड्यात सौंदर्याची मापेही येतात: वरच्या मधल्या दाताची रुंदी त्याच्या लांबीच्या सुमारे पाऊणपट ते चारपंचमांश असावी, मधले दात आणि सुळे यांच्यावरची हिरडीची कमान एका उंचीवर असावी, आणि त्यांच्यामधल्या दाताची कमान जराशी, साधारण मिलिमीटरभर, खाली असावी. ज्यांनी घराच्या भिंतीवर फोटो सरळ लावण्यासाठी चार वेळा खिळा बदलला आहे त्यांना मिलिमीटरभर म्हणजे किती, हे सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया इतक्या लहान जागेत होते की तिच्यापेक्षा तिची तयारी मोठी दिसते. छोट्या शहरांत हिरडीचे तज्ज्ञ स्वतःचा दवाखाना थाटण्याऐवजी आठवड्यातल्या ठरल्या वारी एकेका दवाखान्यात येतात, आणि येताना आपली बॅग घेऊन येतात. ‘ताई, थोडं मुंगी चावल्यासारखं वाटेल हं,’ असे म्हणून लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले जाते. दंतवैद्यकातल्या मुंग्या जगातल्या सर्व मुंग्यांपेक्षा मोठ्या असतात हे त्या क्षणी कळते, आणि पाच मिनिटांनी ओठ कोणा तिऱ्हाइताचा वाटू लागतो. मग शिंप्याने कापडावर खडूच्या खुणा कराव्यात तशा हिरडीवर रक्ताच्या बारीक ठिपक्यांनी खुणा केल्या जातात, आणि ते ठिपके जोडत पंधरा नंबरचे पाते फिरते. दातामागून दात अशी जी गुलाबी कातरण निघते ती कापलेल्या नखाच्या चंद्रकोरीएवढी असते. पांढऱ्या गॉझवर सहा-आठ चंद्रकोरी ओळीने ठेवलेल्या दिसल्या की एवढ्याचसाठी हे सगळे होते का, असा विचार सोबत आलेल्या नातेवाइकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. हाड कोरायचे असेल तर हिरडी पुस्तकाच्या पानासारखी उलटून, वर पाण्याची धार सोडत, फिरत्या बरने आणि हातच्या पटाशीने कड घासतात. दुखत काहीच नाही, पण त्या घासण्याचा आवाज कानांऐवजी कवटीतून आत येतो, आणि वरच्या मजल्यावर फरशी बदलण्याचे काम चालू असलेल्या सोसायटीत राहणाऱ्यांना तो चटकन ओळखू येतो. लेझर किंवा विद्युत सुरी वापरली तर रक्त कमी येते आणि टाके बहुधा लागत नाहीत, मात्र करपल्याचा जो वास येतो तो आपलाच आहे ही जाणीव ठेवावी लागते.

सुश्रुताने शेवटच्या दाढेपाशी वाढणाऱ्या अधिमांसाचे छेदन करून त्यावर मधात कालवलेली औषधी चूर्णे लावायला सांगितले होते. आधुनिक दवाखान्यात त्या जागी मळलेल्या कणकेसारखा एक लेप येतो, जो टाक्यांवर थापून आठवडाभर ठेवतात. त्याच्या जुन्या प्रकारात लवंगेचे तेल असे, म्हणजे एवढे शिक्षण आणि एवढी यंत्रसामग्री ओलांडून विज्ञान काही काळ आजीच्या फडताळापाशीच येऊन थांबले होते. त्या आठवड्यात रुग्णाला मऊ भात, गार दही आणि घरातल्या सर्वांची सहानुभूती मिळते. तिखट, गरम आणि कडक वर्ज्य असल्यामुळे भाकरी, ठेचा आणि भडंग हे सारे घरात नेमके त्याच आठवड्यात होतात. सात ते दहा दिवसांनी टाके निघतात आणि त्यानंतर खऱ्या परीक्षेला आरंभ होतो, कारण हिरडीची कड लगेच स्थिर होत नाही. मागच्या दाढेवर कॅप बसवायला साधारण सहा ते आठ आठवडे थांबतात, आणि पुढच्या दिसणाऱ्या दातांच्या बाबतीत तीन ते सहा महिने थांबणे शहाणपणाचे मानतात. येथे शास्त्राची गाठ मुहूर्ताशी पडते. तुळशीचे लग्न लागून गेल्यावर दवाखान्यात येणाऱ्या नियोजित वधूला मार्गशीर्षातले लग्न आणि त्याआधीचे प्री-वेडिंग शूट यांच्या आत नवे हसू हवे असते. भटजींनी तिथी पुढे ढकलली, हॉलवाल्याने तारीख बदलून दिली, अशी उदाहरणे आहेत, पण हिरडीने घाई केल्याचे उदाहरण नाही.

एवढी कापाकाप, मोजणी आणि प्रतीक्षा पार पडून काम साधले, की कौतुकाचा प्रसंग येतो आणि जुनी वाटणी पुन्हा अमलात येते. भेटणारा प्रत्येकजण ‘दात छान दिसताहेत’ म्हणतो. ज्या दातांना कोणी हात लावला नाही त्यांची वाहवा होते, आणि जिने आपल्या अंगाचा तुकडा देऊन जागा करून दिली तिचा उल्लेखही होत नाही. तिचे काम चांगले झाले असेल तर ती दिसतच नाही, हीच तिच्या यशाची व्याख्या आहे, आणि भाषेने तिच्यासाठी वाक्प्रचार का घडवला नाही याचेही उत्तर बहुधा तेच असावे.

लग्नाच्या पंगतीत या नव्या हसूचे निरीक्षण करणाऱ्यास मात्र आणखी एक गोष्ट दिसते. कोणी तरी विनोद करते, ताई खळखळून हसतात, हिरडी शिस्तीत आपल्या रेषेवर उभी असते, दात पूर्ण लांबीने दिसण्याच्या तयारीत असतात, आणि नेमक्या त्याच क्षणी वीस वर्षांच्या सवयीने उजवा हात उठून तोंडासमोर येतो. बांध मागे नेता येतो; त्या हातासाठी अजून कोणतीही शस्त्रक्रिया निघालेली नाही.